रंगरावांचं तिसरं प्रकरण

सगळं सुरळीत चाललेलं असताना माणूस मध्येच शिकायला लागला, की घरच्यांना आधी कौतुक वाटतं आणि मग हळूहळू शहाणपण येतं. रंगरावांच्या बायकोला ते फार लवकर आलं. पन्नाशी ओलांडलेला आपला नवरा पाठीला दप्तर लावून जिना उतरतोय, हे पहिल्याच दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि ती हातातल्या पातेल्याला म्हणाली, "झालं. आता हे आपल्यालाही शिकवणार."

रंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते इमारतीनं ठेवलं होतं आणि कपड्यांवरच्या डागांकडे पाहता त्यात अन्याय नव्हता. दिवसा ते वेष्टनं छापणाऱ्या एका कंपनीत साबणाच्या कागदावर फेस काढायचे. फेस काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. संध्याकाळी मात्र ते मागच्या बाल्कनीत बसून स्वतःची चित्रं काढायचे, आणि त्या चित्रांत चुकूनही बुडबुडा येणार नाही याची काळजी घ्यायचे.

शिकण्याचं खूळ डोक्यात शिरलं ते एका प्रदर्शनामुळे. उभ्या आयुष्यात एकदाच रंगरावांनी दालन भाड्यानं घेऊन चित्रं मांडली. त्यावर एका वर्तमानपत्रात छापून आलं, 'दालनातली प्रकाशयोजना सुखद होती. चित्रेही बरी होती.' रंगरावांच्या ते जिव्हारी लागलं. तीस वर्षं माणूस रंग कालवतो आणि दिवे लावणारा बाजी मारून जातो! शेवटी त्यांनी ठरवलं, की आपल्या चित्रांबद्दल कसं लिहायचं ते आपणच शिकायचं. शोधता शोधता त्यांना सापडला 'काम करणाऱ्या कलावंतांसाठी समीक्षालेखन आणि संशोधन' असं लांबलचक नाव असलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम. नाव वाचतानाच त्यांना दम लागला, आणि दम लागतो म्हणजे गोष्ट भारदस्त असणार, अशी त्यांची समजूत झाली.

वर्गात एक मूर्तिकार होती, एक तबलजी होता, एक कठपुतळीवाला होता. सगळ्यांच्या हातांना काम येत होतं आणि सगळ्यांच्या लेखण्या अडत होत्या. रंगरावांना मार्गदर्शक म्हणून ज्या मॅडम मिळाल्या त्या वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. आवाज मऊ, वागणं नम्र, हातात कायम बारीक टोकाची पेन्सिल. ही पेन्सिल रंगरावांच्या प्रबंधाच्या समासात अगदी हलकेच एकच शब्द लिहायची, 'कशावरून?'

पहिली दोन प्रकरणं कशीबशी पार पडली. तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात रंगरावांनी दणक्यात केली होती. 'माझी चित्रे प्रेक्षकाशी मूक संवाद साधतात.' हे वाक्य लिहून झाल्यावर ते स्वतःवरच इतके खूश झाले होते, की उठून त्यांनी आरशात पाहिलं होतं. समासात पेन्सिल उमटली होती, 'कशावरून?'

"मॅडम, ते जाणवतं हो," रंगराव म्हणाले.

"कोणाला?"

"प्रेक्षकाला."

"कोणत्या प्रेक्षकाला? तुमची चित्रं आज कुठे आहेत, कोण बघतं, बघून त्यांना काय वाटतं, हे तुम्ही जाऊन पाहिलंय का कधी?"

चित्रं रंगरावांनी पुष्कळ वाटली होती. लग्नात, वाढदिवसाला, बढतीला, घरभरणीला. लोक भेटीदाखल घड्याळं देत, रंगराव चित्र देत. पण दिलेल्या चित्राचं पुढे काय झालं, हे पाहायला ते कधीच गेले नव्हते. मुलगी सासरी पाठवल्यावर तिला खुशाली विचारू नये, असा काहीसा प्रकार.

"तेवढं पाहून या," मॅडम म्हणाल्या. "मुदत मी दोनदा वाढवून घेतलीय. आता नाही वाढवता येणार. तिसरं प्रकरण उभं राहिलं नाही तर नाव कमी होईल. मला फार वाईट वाटेल."

त्यांना खरंच वाईट वाटलं असतं, आणि हेच जास्त कठीण होतं. पण घरी येताना रंगरावांना जी धास्ती वाटत होती ती नाव कमी होण्याची नव्हती. खरंच कोणी बघत असेल का? तीस वर्षं आपण भिंतींशी बोलत आलो, की भिंतीपलीकडे कोणी होतं? या वयात हा प्रश्न विचारणं म्हणजे स्वतःच्या लग्नाची स्वतःच चौकशी करण्यासारखं. पण आता मागे फिरायची सोय नव्हती.

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. रंगराव जिन्यात बोलले. जिन्यात ऑडिटरकाका होते.

ऑडिटरकाका वरच्या मजल्यावर राहत. हिशेबतपासणीच्या नोकरीतून निवृत्त झाले होते, पण तपासणी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. लग्नपत्रिका हातात आली तरी ते आधी तळाशी बेरीज आहे का बघायचे. संशोधन म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी चमक आली.

"असं नुसतं उठून जायचं नसतं, रंगराव. आधी पत्र. रीतसर. प्रश्नावली. ते काम माझ्याकडे लागलं. तुम्ही फक्त सही करा."

रंगरावांनी फक्त सही केली. साबणावर फेस काढणारा माणूस सही करण्याआधी कागद वाचत नाही, हा त्या धंद्यातला मोठाच दोष आहे. पत्रात लिहिलं होतं, 'सदर चित्र सध्या आपल्या ताब्यात आहे काय? नसल्यास कारणे द्यावीत. असल्यास ते कोणत्या स्थितीत आहे? चित्राची प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.'

पत्रं गेली, आणि नातेवाइकांत हाहाकार माजला.

रंगरावांच्या मेहुणीनं पत्राचा अर्थ लगेच लावला. माणूस दिलेल्या वस्तू पुन्हा डोळे भरून पाहायला कधी येतो? डॉक्टरांनी हात टेकल्यावर! तिनं हे अगदी विश्वासातल्या चार माणसांना सांगितलं आणि त्या चौघांनी आपापल्या विश्वासातल्यांना. आठवडाभरात रंगरावांच्या घरी सफरचंदांची रीघ लागली. लोक यायचे, आवाज खाली करून बायकोला विचारायचे, "जेवतात का?"

"भरपूर," बायको म्हणायची.

"असंच होतं हो शेवटी शेवटी," असं म्हणत ते आणखी एक सफरचंद ठेवायचे.

रंगराव पाहणीला निघाले ते असे, जिवंतपणी आपल्याच दुखवट्याला जाणाऱ्या माणसासारखे. पहिलं घर थोरल्या ताईंचं. रंगरावांनी दिलेलं नदीचं चित्र दिवाणखान्यात दर्शनी भिंतीवर लटकत होतं. रंगरावांचा ऊर भरून आला. मग त्यांना खिळ्याखालच्या फरशीवर भिंतीचा ताजा चुरा दिसला, आणि चित्राच्या बरोबर मध्यावर नदीत एक मोठं गोल वर्तुळ दिसलं.

"ताई, हे काय गं?"

"भोवरा असेल. तूच काढलायस."

तेवढ्यात न्हाणीघरातून भावजींचा आवाज आला, "अगं, पिंपावरचं झाकण कुठे नेलंस?" ताई इतक्या जोरात खोकल्या, की रंगरावच पाणी आणायला उठले. पिंप उघडंच होतं.

तिथून ते कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्याकडे गेले. तिथे चित्र विजेच्या मीटरवर टांगलं होतं, आणि मीटर भिंतीतून पुढे आलेलं असल्यानं चित्र दाराकडे वाकून कोण आलं ते बघत होतं. पण खरा घाव बसला मामेसासऱ्यांकडे. तिथे भिंतीवर दोन राजहंस पोहत होते. रंगरावांनी आयुष्यात राजहंस काढला नव्हता. मूळ चित्र कुठेतरी गहाळ झालं असणार आणि आयत्या वेळी बाजारातून हे आणलं असणार. मामेसासरे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, रोज सकाळी आधी या हंसांचं दर्शन घेतो आणि मगच चहा. तुमच्या हातात देव आहे."

आता मरणाच्या दारात असलेल्या माणसाशी एवढं गोड बोलणाऱ्या म्हाताऱ्याला काय सांगणार? रंगराव म्हणाले, "जमलेत खरे हंस." आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर जमले होते. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

हे सगळं त्यांनी मॅडमना सांगितलं. हंससुद्धा सांगितले. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ रुमालात तोंड लपवून त्या खोकल्या. ताईंसारख्याच.

"तुम्ही येणार हे सगळ्यांना आधी माहीत होतं?"

"पत्रच गेलं होतं ना."

"मग तुम्ही चित्रं पाहिलीच नाहीत. स्वागत पाहिलंत." मग त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "असं एकही घर नाही का, जिथे तुमची कोणी वाटच बघत नाहीये?"

एक होतं. पत्राला ज्यांनी उत्तरच दिलं नव्हतं अशा एकच बाई होत्या, दाताच्या डॉक्टरीणबाई. त्या प्रदर्शनात विकलं गेलेलं एकुलतं एक चित्र त्यांनी घेतलं होतं. ओळख ना पाळख, आल्या, बघितलं, काखोटीला मारलं आणि गेल्या. रंगराव तिथे जायचं टाळत होते. बाकीच्यांना चित्र घ्यावं लागलं होतं, पण हे बाईंनी आपणहून घेतलं होतं. तेच अडगळीत निघालं तर पुढे बोलायला जागाच उरत नव्हती.

चित्र होतं एका इमारतीच्या मागच्या बाजूचं. खिडक्याच खिडक्या, सगळ्या बंद, एक उघडी. त्या उघड्या खिडकीत आधी एक माणूस उभा होता. चित्र पुरं होत आलं तेव्हा बायको चहा घेऊन बाल्कनीत आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "किती वेळ उभं ठेवणार आहात त्याला? दमलाय तो. जाऊ द्या ना आत." रंगरावांनी कुरकुर केली, पण दुसऱ्या दिवशी माणूस खरवडून काढला. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. सांगण्यासारखी आहे असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

दवाखान्यात शिरताच रंगरावांनी चारी भिंती पाहिल्या. एका भिंतीवर दात कसे घासावेत, दुसरीवर कसे घासू नयेत, तिसरीवर न घासल्यास काय होतं. चित्र नव्हतं. आल्या पावली परतावं म्हणून ते वळले, तर टेबलामागच्या मुलीनं विचारलं, "काय दुखतंय?"

खरं उत्तर फार लांबलं असतं. "दाढ," रंगराव म्हणाले.

"चला, आत्ता जागा आहे."

मध्यमवर्गीय माणूस एकदा खोटं बोलला की ते शेवटापर्यंत निभावतो. रंगराव आत जाऊन खुर्चीत बसले. खुर्ची मागे झुकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आ करा." रंगरावांनी आ केला, वर पाहिलं आणि आ तसाच राहिला.

त्यांचं चित्र छतावर होतं.

खुर्चीच्या बरोबर वर, चार मजबूत स्क्रूंनी ठोकलेलं. काच लख्ख पुसलेली. खिडक्याच खिडक्या, आणि ती एक उघडी. रंगराव ओरडले, "अ आआं इत्र आए!"

"तुमचं आहे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वीस वर्षं त्या उघड्या तोंडांशी बोलत आल्या होत्या. त्यांना सगळं कळायचं. "अय्या, तुम्हीच का ते? पत्र आलं होतं तुमचं. मला वाटलं कर खात्याचं आहे, म्हणून कपाटात टाकलं. हलू नका. दाढ खरंच किडलीय बरं का."

रंगराव आयुष्यात पहिल्यांदाच आपलं चित्र उताणे पडून बघत होते, प्रेक्षक म्हणून. यंत्राची घरघर सुरू झाली आणि त्यांची नजर आपोआप त्या उघड्या खिडकीकडे गेली. जीव मुठीत धरून ते तिथेच बघत राहिले.

"सगळे तिथेच बघतात," बाई काम करता करता सांगत होत्या. "पळून जायला तेवढी एकच वाट आहे ना. एक आजोबा दर वेळी म्हणतात ती खिडकी लावून घ्या, वारं येतंय. एका बाईंचे दात मोत्यासारखे आहेत, तरी तपासायला येतात. एकजण भांडून गेला की चित्रात दुसऱ्या मजल्यावर बाळ झोपलंय, मशीन हळू लावा. चूळ भरा."

रंगरावांनी चूळ भरली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दुखलं का हो?" बाईंनी विचारलं. त्यांनी मान हलवली. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो सांगायला तोंडात जीभ नव्हती. होती, पण बधिर होती.

मग पुढचे काही दिवस रंगराव त्या दवाखान्यातच पडीक राहिले. सुजलेला गाल घेऊन ते बाकावर बसत आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला चित्राबद्दल विचारत. अडचण एवढीच, की बाहेर येणाऱ्याच्या तोंडात कापूस असे. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून भाषांतर करत. हे ऐकून ऑडिटरकाका हळहळले. "तोंडी पुरावा, तोही कापसातून! टिकायचा नाही हो." पण त्यांनाही उत्सुकता आवरेना. स्वतःची कवळी तपासायच्या निमित्तानं ते जाऊन झोपून आले आणि परत आल्यावर संध्याकाळभर गप्प होते. इमारतीत त्याची बरीच चर्चा झाली.

तिसरं प्रकरण उभं राहिलं. त्यात राजहंसही होते, पिंपही होतं. मॅडमनी वाचलं आणि पहिल्यांदाच समास कोरा ठेवला.

पण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांचा दरारा असा, की कठपुतळीवाला त्यांच्यासमोर स्वतःच्या आवाजात बोलायला विसरला होता. ते प्रबंध चाळून म्हणाले, "हे सगळं दुसऱ्यांच्या सांगण्यावर आहे. माझा चित्रांच्या बोलण्यावर विश्वास नाही. चित्रं बोलतात कशावरून?"

रंगरावांनी मॅडमकडे पाहिलं. इतकी मऊ बाई, पण त्या दिवशी खुर्ची सरकवून उठली. "सर, चित्र जवळच आहे. चला."

अशी ती वरात निघाली. पुढे परीक्षक, मागे मॅडम, त्यांच्यामागे रंगराव, आणि वाटेत कुठूनतरी येऊन मिळालेले ऑडिटरकाका. दवाखान्याच्या दारात रंगरावांची बायको उभी होती. "घरी बसवेना, म्हणून चित्राकडे आले," ती म्हणाली. तिनं हातात पिशवी आणली होती. सफरचंदं अजून संपली नव्हती.

परीक्षक छताकडे मान वर करून बघू लागले. मान दुखली. "आडवं व्हावं लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परीक्षक मोठ्या नाराजीनं खुर्चीत आडवे झाले. बाईंनी सवयीनं दिवा ओढला आणि सवयीनंच म्हणाल्या, "आ करा." आणि इतका विद्वान माणूस, पण त्यानं आ केला. त्या खुर्चीत आ कोणालाच चुकत नाही.

"अरे देवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे किती दिवसांचं आहे? आत्ताच करायला हवं." परीक्षक काही बोलायच्या आत त्यांच्या गालात कापूस गेला.

घरघर सुरू झाली. कोपऱ्यात सगळे दाटीनं उभे. बायकोनं रंगरावांचा हात घट्ट धरला. परीक्षकांची बोटं खुर्चीच्या दांड्यावर आवळली, डोळे छतावर भिरभिरले आणि एका जागी स्थिर झाले. बोटं हळूहळू सैल पडली. मग घरघर थांबली आणि ते कापसातून काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?" रंगरावांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी कान आणखी खाली नेला. परीक्षकांनी बोट वर करून उघडी खिडकी दाखवली आणि पुन्हा तेच म्हणाले.

"म्हणतायत," बाई म्हणाल्या, "तिथे आत्ता कोणीतरी होतं. नुकतंच आत गेलंय. दमलेलं दिसत होतं."

रंगराव छताकडे बघत राहिले. बायकोनं त्यांचा हात अजून धरलेला होता, आणि ती हसत होती की रडत होती हे तिलाही सांगता आलं नसतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पोचला वाटतं घरी."

डॉक्टरीणबाईंनी दिवा बाजूला सारला आणि हातमोजे काढले. "झालं," त्या म्हणाल्या. "आता तोंड मिटा."

परीक्षकांनी मिटलं. रंगरावांनीही मिटलं.